अतिया फैजी : बोटीवरून आलेल्या पत्रांचं पुस्तक

दोडामार्गात समुद्र नाही. तरी आमच्या तालुक्यातल्या जुन्या मुस्लिम घरांत बोटीच्या गोष्टी अजून निघतात. वेंगुर्ल्याच्या बंदरातून आगबोटीने मुंबई गाठायची आणि तिथून हजच्या बोटीत बसायचं. १९९५ पर्यंत आपले हाजी बोटीने जात. आमचे दादाजीही तसेच गेले होते. वाटेतून त्यांनी घरी पत्रं लिहिली होती, ती एका पत्र्याच्या पेटीत होती. जुनं घर उतरवलं तेव्हा पेटी उघडली, तर वाळवीने कागदाचा भुगा केलेला. चूक कुणाची म्हणाल तर आमचीच. आम्ही शिकलेसवरलेले, पण पेटी कधी उघडून पाहिली नाही.

ही खंत वर आली की आम्हाला अतिया फैजी आठवतात. त्यांचं नाव बहुतेकांना अल्लामा इक्बाल यांच्यामुळे ठाऊक असतं. पण आम्ही मास्तर माणसं. आम्हाला त्या आठवतात शिक्षिका व्हायला विलायतेला निघालेली मुलगी म्हणून.

अतियांचा जन्म १८७७ चा, इस्तंबूलचा. वडील हसनअली व्यापारी, त्यांचा व्यापार तुर्की राजधानीत चाले. घराणं मुंबईचं, सुलेमानी बोहरा, तय्यबजींच्या नात्यातलं. या नातेवाइकांत मूळ बोली गुजराती होती, पण त्यांनी ठरवून उर्दू आपलीशी केली. थोरली बहीण जोहरा, मधली नाझली आणि धाकटी अतिया. नाझलींचं लग्न जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांच्याशी झालं, म्हणजे आपल्या कोकणाशी या बहिणींचं थेट नातं जुळलं. मुरूडचा किल्ला पाहायला आपण शाळेच्या सहली नेतो, त्याच जंजिऱ्याच्या त्या बेगम.

१९०६ साली अतियांना शिक्षक-प्रशिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. लंडनचं मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेज ठरलं. आज आपल्या मुली बीएडला जातात त्याचंच हे तेव्हाचं रूप. फरक इतकाच की कॉलेज समुद्रापलीकडे होतं आणि मुस्लिम घरातली मुलगी एकटीने बाहेरगावी शिकायला जाणं हीच तेव्हा मोठी बातमी होती. सप्टेंबरमध्ये मुंबईहून बोट सुटली. त्या काळी विलायतेची वाट एडन आणि सुएझच्या कालव्यातून जायची. अतिया तोंडावर पडदा घेत नसत, पण डोकं झाकलेलं आणि पोशाख अंगभर. लंडनमध्येही त्यांनी आपला पेहराव सोडला नाही.

प्रवासात त्यांनी रोजनिशी ठेवली. बोटीवरचे दिवस, मग लंडन, कॉलेजातले तास, भेटलेली माणसं, पाहिलेली ठिकाणं असं सगळं त्या उर्दूत लिहीत आणि टपालाने घरी बहिणींना पाठवत. पुस्तक काढायचं म्हणून हे लिखाण नव्हतं, घरच्यांना कळावं एवढ्यासाठीच होतं.

इथून पुढचं काम जोहरांचं. घरच्यांची पत्रं वाचून झाल्यावर पेटीत जायची, पण जोहरांनी ती नीट लावली, सुधारली आणि लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या साप्ताहिकात छापायची व्यवस्था केली. हे बायकांसाठीचं उर्दू साप्ताहिक १८९८ साली मुहम्मदी बेगम आणि त्यांचे शोहर सय्यद मुमताज अली यांनी सुरू केलं होतं. मुहम्मदी बेगम स्वतः त्याच्या संपादक होत्या. ज्या काळात शरीफ घरातल्या बाईचं नावसुद्धा परक्याच्या कानी पडू नये असं मानत, त्या काळात १९०७ साली अतियांची रोजनिशी तिथे हप्त्याहप्त्याने छापून आली. दिल्ली-लाहोरकडच्या ज्या बायकांनी घराचा उंबरठाही क्वचित ओलांडला असेल, त्यांच्यासमोर एका मुलीची बोट समुद्र कापत चालली होती.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. अतियांचा कोर्स पुरा झाला नाही. तब्येतीच्या कारणाने साधारण वर्षभरातच, १९०७ मध्ये, त्या परतल्या. ज्या प्रमाणपत्रासाठी गेल्या ते हाती आलं नाही. कुणी म्हणालं असतं, शिष्यवृत्ती वाया गेली. पण लिहिलेलं होतं, आणि ते कुणीतरी जपलं होतं. १९२१ साली आग्र्याच्या मुफीद-ए-आम छापखान्यातून ती रोजनिशी पुस्तक होऊन बाहेर पडली. नाव 'जमाना-ए-तहसील'. तहसील म्हटलं की दोडामार्गकरांना तहसीलदाराचं ऑफिस आठवेल. उर्दूत मात्र तहसील म्हणजे मिळवणं, शिकणं. शिक्षणाचा काळ, असं ते नाव. प्रवास संपून चौदा वर्षं झाली होती!

पुढचं आयुष्य भरगच्च आहे. लंडनमध्ये १९०७ साली इक्बाल यांची ओळख झाली, तेव्हा ते स्वतः शिकत होते. चाळीस वर्षांनी, १९४७ साली, अतियांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. १९०८ मध्ये नाझली, नवाबसाहेब आणि अतिया पुन्हा युरोपला गेले. त्या सफरीवर नाझलींनी 'सैर-ए-यूरोप' हे उर्दू पुस्तक केलं. म्हणजे एका घरात दोन बहिणींची दोन प्रवासपुस्तकं. १९१२ साली अतियांनी पुण्यात जन्मलेले चित्रकार सॅम्युएल रहमीन यांच्याशी निकाह केला. ते बेने इस्राएली, कोकणातून आलेल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचे. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि दोघांनी फैजी-रहमीन हे आडनाव लावलं. हिंदुस्थानी संगीतावर अतियांनी इंग्रजीत लिहिलं, तेही लंडनमध्ये छापलं गेलं.

फाळणीनंतर हे कुटुंब कराचीला गेलं. तिथे हौसेने घर बांधलं, पण पुढे ते सोडावं लागलं. शेवटची वर्षं हलाखीत गेली. १९६४ मध्ये रहमीन गेले, जानेवारी १९६७ मध्ये अतिया आणि १९६८ मध्ये नाझली. जंजिऱ्याची गादी गेली, कराचीचं घरही गेलं. बोटीवर लिहिलेली ती पानं मात्र आजही वाचता येतात.

आम्ही वर्गात अतियांबद्दल सांगतो तेव्हा मुली विचारतात, सर, एवढं लिहायला हिंमत लागत असेल ना? लागतेच. पण आमचं म्हणणं असं की लिहिणारीइतकीच जपणारी मोठी. घरी जोहरा नसत्या तर अतियांची पत्रंही आमच्या दादाजींच्या पत्रांच्या वाटेने गेली असती.

आपल्या घरातली मुलं आज दुबई, मस्कत, कुवेतला आहेत. काही जहाजांवर नोकरीला आहेत. ती मोबाइलवर बोलतात, आपण ऐकतो, आणि फोन बदलला की सगळं पुसलं जातं. घरात अजून एखादी नानी, एखादे चाचा असतील ज्यांनी हजची बोट पाहिली. त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. कोणत्या साली गेलात, बोटीचं नाव काय, सोबत कोण होतं, बोट लागली तेव्हा कुणी सांभाळलं, हे विचारून तारखेसह उतरवून ठेवा. मराठीत, उर्दूत, जमेल तसं. छापायचं पुढे बघता येईल. अतियांच्या पुस्तकालाही चौदा वर्षं लागली होती.