अरण्यपुत्र कोमराम भीम

भोकर सोडून आगगाडी हिमायतनगरवरून किनवटच्या वाटेला लागली, की काळ्या मातीची सपाट शेते मागे पडतात आणि सागाची वने दिसू लागतात. ही वनश्री पुढे आदिलाबाद व आसिफाबादच्या डोंगरांत पसरली आहे. आज या मुलखाचा काही भाग महाराष्ट्रात व काही तेलंगणात आहे; परंतु १९४८ पर्यंत तो सारा निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. याच अरण्यात विसाव्या शतकाच्या प्रारंभी, आसिफाबादजवळील संकेपल्ली या खेड्यात, एका गोंड कुटुंबात कोमराम भीमाचा जन्म झाला.

गोंड आणि कोलाम हे या वनांचे जुने रहिवासी. मोहाची फुले, चारोळी, टेंभरे, मध आणि कंदमुळे ही त्यांना अरण्याने दिलेली शिदोरी होती. ज्या मोहाने दुष्काळात जगवले, त्यावर कुऱ्हाड उगारण्यास त्यांचे मन धजत नसे. डोंगरउतारावरील थोडे रान साफ करून ते काही वर्षे धान्य पिकवीत. जमीन थकली, की तिला विसावा देऊन ते दुसरीकडे जात आणि मागे पुन्हा झाडे उगवत. त्यांच्या कुळांच्या व देवांच्या कथा प्रधान गायक किकरी या तंतुवाद्याच्या साथीने गात असत. त्या गाण्यांतून मुले आपल्या पूर्वजांना, डोंगरांना आणि नद्यांना ओळखत.

पुढे काळ पालटला. सागाच्या लाकडाला मोठी मागणी आली. वने झपाट्याने तुटू लागली, तेव्हा ती राखण्यासाठी सरकारने राखीव जंगलांच्या सीमा आखल्या. वने राखण्याचा हेतू योग्यच होता; परंतु सीमा आखताना तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांचा विचार झाला नाही. कित्येक पाडे त्या रेषेच्या आत सापडले. गुरे चारण्यावर आणि सरपणावर कर बसला. कालपर्यंत ज्यांचे घर होते, ते आज अपराधी ठरले. त्यांच्या झोपड्या जाळण्यात आल्या. मोकळ्या जमिनीही लिहिता-वाचता येणाऱ्या बाहेरच्या लोकांनी आपल्या नावावर करून घेतल्या.

या अन्यायाची झळ भीमाला लहानपणीच लागली. जंगल खात्याच्या लोकांशी झालेल्या संघर्षात त्याचे वडील मारले गेले. पोरके झालेले कुटुंब दुसऱ्या गावी गेले व कष्टाने शेती करू लागले. पीक हाताशी आले, तोच एकाने त्या जमिनीवर हक्क सांगितला. झालेल्या झटापटीत त्या माणसाचा भीमाच्या हातून अंत झाला आणि तरुण भीमाला परागंदा व्हावे लागले. चंद्रपूरकडे एका छापखान्यात काम करताना तो लिहावाचावयास शिकला. तेथून तो दूर आसामातील चहाच्या मळ्यांत मजुरीला गेला. आपल्यासारखेच नाडलेले लोक देशात सर्वत्र आहेत, हे त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले.

काही वर्षांनी तो परतला, तेव्हा तो केवळ एक पळून गेलेला तरुण राहिला नव्हता. कागदावरचा कायदा त्याला वाचता येत होता. जोडेघाटच्या परिसरातील बारा गावांचे गोंड व कोलाम त्याच्याभोवती गोळा झाले. पाणी, वन आणि भूमी यांवर तेथे राबणाऱ्यांचा अधिकार असावा, ही त्याची मागणी होती. ‘जल, जंगल, जमीन’ या तीन शब्दांशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. सरकारने काही जमिनी देऊ केल्या, असे सांगतात. परंतु आपल्या गावांचा कारभार आपल्याच हाती असावा, हा आग्रह भीमाने सोडला नाही. अखेर १९४० साली सशस्त्र पोलिसांनी जोडेघाटच्या डोंगराला वेढा घातला. तेथे लढताना भीम आणि त्याचे काही सोबती धारातीर्थी पडले.

भीम गेला, पण त्याने विचारलेला प्रश्न मागे राहिला. उठावानंतर निजाम सरकारने हायमेन्डॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांच्या अडचणी अभ्यासण्यास पाठविले. त्याने जमिनी हिरावल्या गेल्याची हकीकत सरकारपुढे मांडली. पुढे हजारो कुटुंबांना जमिनी मिळाल्या. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी शिक्षणकेंद्र निघाले आणि गोंडी मुलांसाठी देवनागरी लिपीत पुस्तके तयार झाली. २००६ साली भारताच्या संसदेने वनवासी जनांचे वनांवरील हक्क मान्य करणारा कायदा केला. २०१६ साली तेलंगणातील आसिफाबाद जिल्ह्याला भीमाचे नाव देण्यात आले.

दरवर्षी आश्विन पौर्णिमेस गोंड बांधव जोडेघाटला जमतात आणि आपल्या वीराला वंदन करतात. अरण्य राखावयाचे असेल, तर ज्यांनी त्याला आईसारखे मानले त्या लोकांना त्याच्यापासून तोडून चालणार नाही, ही शिकवण भीमाच्या जीवनातून मिळते. झाड आणि माणूस दोघेही एकाच मातीवर उभे असतात. एकाला उखडून दुसऱ्याचे रक्षण होत नाही.