शिरमान गुरुजी : मुलांच्या पायी सहलीतून उभी राहिलेली चळवळ



शाळेची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर आधी काय येतं, खरं सांगा. परवानगीचे कागद, पालकांची संमतिपत्रं, बसचं भाडं, प्रथमोपचार पेटी आणि शेवटी तो नेहमीचा प्रश्न, की काही झालं तर जबाबदारी कोणाची? मीसुद्धा याच प्रश्नापाशी अनेकदा अडले आहे. एका वर्षी गावामागच्या टेकडीवर पाचवीच्या मुलांना न्यायचं ठरवलं आणि आभाळ भरून आलेलं बघून बेत रद्द केला. मुलं काही बोलली नाहीत, पण त्यांचे उतरलेले चेहरे अजून आठवतात.

म्हणूनच आज तुम्हाला एका प्राथमिक शिक्षकाची गोष्ट सांगणार आहे. तेही पावसात सापडले होते, मुलं सोबत होती आणि रात्रीची सोय नव्हती. त्यांचं नाव रिचर्ड शिरमान. आपल्यापैकी बरेच जण यूथ हॉस्टेलच्या हिमालयातल्या ट्रेकला जाऊन आले असतील, निदान घरातलं कोणीतरी गेलं असेल. त्या यूथ हॉस्टेल चळवळीची सुरुवात या गुरुजींनी केली.

बालपण आणि नोकरी

शिरमान यांचा जन्म १५ मे १८७४ रोजी पूर्व प्रशियातल्या ग्रुनेनफेल्ड या खेड्यात झाला. तेव्हा तो भाग जर्मनीत होता, आज पोलंडमध्ये आहे. वडील शिक्षक होते. मुलगाही शिक्षकच झाला. शेतं, जंगलं आणि मोकळं आभाळ यांत लहानपण गेलेल्या या तरुणाला १९०१ मध्ये गेल्सेनकिर्शेन या शहरात नोकरी मिळाली.

हे शहर कोळशाच्या खाणींचं. धुराडी, धूर आणि दाटीवाटीच्या कामगार वस्त्या. या वस्त्यांमधली मुलं वर्गात येऊन बसत. पुस्तकात ओढा होता, झाड होतं, पक्षी होता, पण खिडकीबाहेर धूर होता. शिरमान गुरुजींनी साधा उपाय शोधला. ते मुलांना घेऊन शहराबाहेर चालत जाऊ लागले. चालता चालता भूगोल, चालता चालता निसर्ग. आपण आज ज्याला परिसर अभ्यास म्हणतो ना, तो ते परिसरात जाऊनच शिकवत.

१९०३ मध्ये त्यांची बदली अल्टेना या गावी झाली. लेने नदीकाठचं हे गाव तार ओढण्याच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. इथेही कामगारांचीच मुलं, पण भोवती झाउअरलांडचे हिरवे डोंगर. गुरुजींना हवं होतं ते सगळं इथे होतं. त्यांच्या सहली लांबत गेल्या. आधी एक दिवसाच्या, मग मुक्कामाच्या. आणि मुक्काम आला की प्रश्न आला, झोपायचं कुठे? खानावळी आणि हॉटेलं कामगारांच्या मुलांना परवडणारी नव्हती.

२६ ऑगस्ट १९०९ ची रात्र

त्या वर्षी गुरुजी मुलांना घेऊन अल्टेनाहून आखेनला निघाले होते. आठ दिवसांचा पायी प्रवास. २६ ऑगस्टला ब्र्योल नदीच्या खोऱ्यात त्यांना जोराच्या वादळाने गाठलं. विजा कडाडत होत्या, पाऊस कोसळत होता. शेवटी ब्र्योल गावच्या शाळेत आसरा मिळाला. वर्गात गवताचा पेंढा पसरला आणि दमलेली मुलं त्यावर झोपी गेली.

गुरुजी मात्र जागे होते. आता विचार करा, आपण त्यांच्या जागी असतो तर काय ठरवलं असतं? मी तरी मनात म्हटलं असतं, पुन्हा असला उद्योग नको. ते पस्तीस वर्षांचे होते, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचे. पण त्या रात्री त्यांच्या मनात वेगळाच हिशोब चालला होता. सुटीत देशातल्या सगळ्या शाळा रिकाम्या असतात आणि त्याच सुटीत मुलं फिरायला मोकळी असतात. मग एक दिवस चालण्याच्या अंतरावर एकेका शाळेने आपले वर्ग उघडले, तर अख्ख्या देशात मुलांना मुक्कामाची जागा होईल की!

त्यांनी हा विचार अगदी बारकाव्यांसह मांडला. दोन वर्ग पुरेत, एक मुलांसाठी आणि एक मुलींसाठी. काही बाकं एकावर एक रचली की पंधरा अंथरुणांची जागा होते. प्रत्येक अंथरूण म्हणजे पेंढा ठासून भरलेली गादी, उशी, दोन चादरी आणि एक पांघरूण. आपली झोपायची जागा ज्याने त्याने स्वतः स्वच्छ ठेवायची.

बघा, यात कुठे मोठे शब्द नाहीत. किती बाकं हलवायची आणि किती चादरी लागतील, एवढंच आहे. वर्ग सांभाळणाऱ्या माणसाचं डोकं असंच चालतं.

एकट्याचं काम सगळ्यांचं होतं तेव्हा

गुरुजींनी पहिला प्रयोग आपल्याच शाळेत केला. सुटीत वर्गातली बाकं बाजूला सारली आणि वाटसरू मुलांची सोय केली. १९१० मध्ये त्यांचा लेख वर्तमानपत्रात छापून आला. लोकांनी तो वाचला, पत्रं आली, मदतही आली.

इथे या गोष्टीत एक संस्था येते, ती म्हणजे झाउअरलांड गिरिभ्रमण संघ. १८९१ मध्ये स्थापन झालेला हा डोंगरात फिरणाऱ्या हौशी लोकांचा संघ. आपल्याकडे गावोगावी ट्रेकिंगचे ग्रुप असतात, सुटीच्या दिवशी गडावर जाणारे, वाटा साफ करणारे, तशीच ही मंडळी. पगार नाही, फायदा नाही, फक्त डोंगराची ओढ. गुरुजींच्या कल्पनेला या मंडळींचा आधार मिळाला.

याच मंडळींमधले एक होते विल्हेल्म म्युंकर. हिल्शेनबाख गावचे कारखानदार, गुरुजींच्याच वयाचे. दोघांचे स्वभाव मात्र अगदी वेगळे. गुरुजी स्वप्न बघणारे आणि बोलून माणसं जोडणारे. म्युंकर हिशोबाचे, पत्रव्यवहाराचे, नियमांचे पक्के. म्युंकर यांनी हे सगळं काम विनामोबदला केलं, एकदोन वर्षं नव्हे तर दोन दशकांहून जास्त.

मला वाटतं, आपण शिक्षकांनी इथे थोडं थांबावं. शाळेत एखादा उपक्रम आपण मोठ्या हौसेने सुरू करतो, सगळं एकट्याने ओढतो आणि बदली झाली की उपक्रम बंद पडतो. शिरमान यांचा उपक्रम बंद पडला नाही, कारण त्यांना आपल्याला न जमणारं काम दुसऱ्याच्या हाती विश्वासाने देता आलं. गावोगावचे शिक्षक, दुकानदार, गिरिभ्रमण संघाचे सभासद यांनी आपापल्या गावातली सोय उभी केली. एका वर्गाच्या सहलीतून माणसांचं मोठं कुटुंब तयार झालं.

१९१२ मध्ये अल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात कायमचं वसतिगृह झालं. जगातलं पहिलं कायमस्वरूपी यूथ हॉस्टेल ते हेच. आत एकावर एक तीन अशी भक्कम लाकडी झोपण्याची फळकुटं होती. त्या खोल्या आजही जपून ठेवल्या आहेत आणि किल्ल्यात आजही तरुण मुक्कामाला येतात. तिथले पहिले व्यवस्थापक स्वतः शिरमान गुरुजीच होते.

खंदकातला नाताळ

मग पहिलं महायुद्ध आलं. गुरुजींना सैन्यात जावं लागलं. १९१५ च्या नाताळात ते व्होज पर्वतातल्या आघाडीवर होते. समोर फ्रेंच सैन्याचे खंदक. नाताळच्या घंटा वाजू लागल्या आणि दोन्हीकडचा गोळीबार थांबला. वापरात नसलेल्या बोगद्यांतून जर्मन आणि फ्रेंच सैनिक एकमेकांना भेटायला गेले. फ्रेंचांनी वाइन, कोनॅक आणि सिगारेटी दिल्या. जर्मनांनी काळा पाव, बिस्किटं आणि हॅम दिलं. कालपर्यंत एकमेकांवर नेम धरणारी माणसं शेजारी बसून खात होती.

गुरुजींच्या मनात हा प्रसंग घर करून राहिला. मोठी माणसं युद्धात भेटतात तशी, पण युद्धाशिवाय, सगळ्या देशांची मुलं भेटली तर? एका छपराखाली झोपली, एका चुलीवरचं जेवली, बरोबर चालली तर उद्या ती एकमेकांवर बंदूक उचलतील का? तोवर हॉस्टेल म्हणजे गरीब मुलांची झोपायची सोय होती. आता त्यात शांततेचा विचार मिसळला.

युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये देशभरातल्या यूथ हॉस्टेलांची एक संघटना स्थापन झाली. १९२२ मध्ये गुरुजींनी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ याच कामाला लागले. पाडरबोर्नजवळ श्टाउम्युले इथे सैन्याची एक जुनी छावणी होती. १९२५ मध्ये त्यांनी तिथे मुलांचं गाव वसवलं. जिथे सैनिक कवायत करत तिथे शहरातली मुलं खेळू लागली.

ही कल्पना जर्मनीबाहेरही गेली. १९३० मध्ये ब्रिटनमध्ये संघटना झाली. १९३२ मध्ये ॲमस्टरडॅम इथे अनेक देशांचे लोक जमले आणि आंतरराष्ट्रीय यूथ हॉस्टेल महासंघ स्थापन झाला. शिरमान त्याचे अध्यक्ष झाले. अमेरिकेतलं पहिलं यूथ हॉस्टेल १९३४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थफील्ड इथे उघडलं, तेही एका शिक्षक दांपत्याने. पुढे भारतातही ही चळवळ रुजली आणि तिच्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी तरुणांनी पहिल्यांदा बर्फ पाहिला.

हातातून निसटलेलं काम

गोष्ट इथेच संपवली असती तर गोड झाली असती. पण चरित्र सांगायचं तर सगळं सांगावं लागतं.

१९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. त्या वेळी देशात दोन हजारांहून जास्त यूथ हॉस्टेलं होती. इतक्या ठिकाणी तरुण मुलं जमतात हे नव्या राजवटीने बरोबर हेरलं. हिटलरच्या तरुण संघटनेने सगळी हॉस्टेलं ताब्यात घेतली. गुरुजींना सूत्रं सोपवावी लागली, म्युंकर यांनाही बाजूला व्हावं लागलं. १९३६ मध्ये सरकारने गुरुजींना महासंघाचं अध्यक्षपदही सोडायला लावलं.

विचार करा, इमारती त्याच, पलंग तेच, डोंगरवाटाही त्याच. पण ज्या घराचं दार सगळ्यांना उघडं होतं, तिथे आता कोणाला घ्यायचं आणि कोणाला नाही हे राजवट ठरवू लागली. मुलांना एकत्र चालायला आणि एका सुरात गायला शिकवणं चांगलं असतं, पण ती कुठे चालली आहेत हे विचारायला शिकवणं त्याहून गरजेचं असतं. शिरमान यांच्या आयुष्यातला हा भाग मला वर्गात सांगायला अवघड जातो, तरीही मोठ्या मुलांना तो सांगायलाच हवा असं वाटतं.

१९३७ पासून गुरुजी ग्रेवेनविसबाख या लहान गावी राहत होते. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं. देश उद्ध्वस्त झाला होता. या वयात माणूस म्हणेल, पुरे झालं आता. पण हॉस्टेलं पुन्हा उभी करण्याच्या कामात त्यांनी पुन्हा हात घातला. दोन युद्धांत एकमेकांचे शत्रू असलेल्या देशांची मुलं पुढे त्याच हॉस्टेलांमध्ये शेजारी शेजारी झोपू लागली. व्होज पर्वतातल्या नाताळात मनात आलेली गोष्ट त्यांना डोळ्यांनी बघायला मिळाली. १४ डिसेंबर १९६१ रोजी ग्रेवेनविसबाख इथेच त्यांचं निधन झालं.

आपण काय घ्यायचं?

नेतृत्व म्हटलं की आपण मुलांना घोड्यावरचा सेनापती दाखवतो. शिरमान गुरुजींकडे घोडा नव्हता, तलवार नव्हती. पावसात भिजलेली मुलं कुठे झोपतील याची काळजी होती आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाच्या मुलांवर ही वेळ येऊ नये एवढी दूरदृष्टी होती. बाकीचं काम माणसं जोडत जोडत झालं.

आपल्या वर्गातही हे करून बघता येईल. गावाजवळच्या टेकडीची किंवा ओढ्याची एक छोटी पायी सहल ठरवा. कोणाकडे पाणी, कोणाकडे औषधं, सगळ्यात मागे कोण चालणार, हे मुलांनाच ठरवू द्या. शेवटी चालणाऱ्या मुलाचं काम सगळ्यात महत्त्वाचं असतं हे त्यांना सांगा, कारण कोणी मागे राहिलं तर ते त्यालाच दिसतं. दोन-तीन पालकांना सोबत घ्या. पालकहो, शिक्षकांनी बोलावलं तर नक्की जा. जबाबदारी कोणाची हा प्रश्न अशा वेळी थोडा हलका होतो, कारण ती सगळ्यांची होते.

आणि हो, आभाळ भरून आलं तर मुलांच्या जिवाशी खेळू नका, बेत जरूर पुढे ढकला. पण रद्द करू नका. पुढच्या शनिवारची तारीख त्याच दिवशी फळ्यावर लिहून टाका. माझ्या पाचवीच्या मुलांचं ते राहून गेलं. यंदाच्या मुलांची तारीख मी लिहिली आहे.