ग्रंथसंग्राहक बाबासाहेब : न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकबाजारापासून नागसेनवनापर्यंत

दुर्मीळ ग्रंथ जमविण्याचा छंद बहुधा सुखवस्तू घरात रुजतो. उत्तम कातडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरे, आत हाताने रंगविलेली चित्रे अशी बालपणीची पुस्तके पुढे मोठेपणी शोधून काढणारे हौशी संग्राहक युरोप-अमेरिकेत अनेक झाले. एडगर ऑस्बोर्न या इंग्रज ग्रंथपालाने जमविलेली सुमारे दोन हजार जुनी बालपुस्तके १९४९ मध्ये कॅनडातील टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिली. तो संग्रह आज जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे.

त्याच सुमारास मराठवाड्यात आणखी एक ग्रंथसंग्राहक महाविद्यालय उभारण्याच्या खटपटीत होता. त्याच्या बालपणात ना कातडी बांधणीची पुस्तके होती, ना रंगीत चित्रे. शाळेत काही शिक्षक त्याच्या वहीलाही हात लावत नसत. भारतातील मोठ्या खासगी ग्रंथसंग्रहांपैकी एक पुढे याच मुलाने उभा केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या राजकीय व सामाजिक कार्यावर विपुल लिहिले गेले आहे. मात्र त्यांच्या आयुष्याचा धागा पुस्तकांच्या अंगाने उलगडत गेले, तर तो थेट औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनापर्यंत येऊन पोचतो.

गहाण पडलेले दागिने

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. घर कबीरपंथी. संध्याकाळी मुलांना बसवून धर्मग्रंथांचे वाचन करून घेण्याचा रामजींचा शिरस्ता होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. वर्गात बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे आणि तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतण्याची वाट पाहावी लागे.

पुढे हे कुटुंब मुंबईत परळच्या डबक चाळीत राहावयास आले. एकाच खोलीत सारा संसार. वडील मुलाला लवकर झोपवीत आणि पहाटे दोनच्या सुमारास अभ्यासाला उठवीत. पाठ्यपुस्तकांखेरीज इतर पुस्तकांचीही भीमरावांना ओढ लागली होती. निवृत्तिवेतनावर घर चालविणाऱ्या रामजींना हा खर्च झेपणारा नव्हता. तरीही ते विवाहित मुलींकडे जात, उसने पैसे मागत. पैसे नसतील तर दागिना मागून घेत, तो मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि मुलाने सांगितलेले पुस्तक घेऊन घरी परतत. निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून मुलीला परत करीत. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाचा पाया असा बहिणींच्या दागिन्यांवर रचला गेला.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तेथेच त्यांची ओळख कृष्णाजी अर्जुन केळुसकर या व्यासंगी शिक्षकांशी झाली. केळुसकर गुरुजींनी एका सत्कार समारंभात या मुलाला स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे मराठी चरित्र भेट दिले. हा समारंभ १९०७ साली मॅट्रिकच्या यशानिमित्त झाल्याचे चरित्रकार सांगतात. बाबासाहेबांनी स्वतः १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत मात्र तो इंग्रजी चौथीच्या परीक्षेनंतरचा, आपल्या वयाच्या चौदाव्या वर्षीचा असल्याचे नमूद केले आहे. तपशिलात फरक असला तरी भेटीच्या परिणामाविषयी दुमत नाही. हाती आलेल्या त्या एका मराठी पुस्तकाने मुलाच्या मनात असंख्य प्रश्न निर्माण केले. त्या प्रश्नांचा माग तो माणूस अखेरपर्यंत घेत राहिला.

गमावलेले दोन संग्रह

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्तीतून काटकसरीने राहायचे आणि घरीही पैसे धाडायचे, अशी ओढाताण होती. तरीही फुरसतीचा वेळ ते जुन्या पुस्तकांच्या दुकानांत घालवीत. तीन वर्षांत त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमविली. टोरांटोला गेलेल्या ऑस्बोर्न यांच्या संग्रहाचा आकडाही साधारण एवढाच. फरक इतकाच, की हा संग्रह पोटाला चिमटा घेऊन झालेला होता. अमेरिका सोडताना ही पुस्तके त्यांनी भारतात पोचविण्यासाठी एका परिचिताच्या हवाली केली. त्यांतील थोडीच पुढे त्यांच्या हाती लागली.

दुसरा आघात लगोलग झाला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. पहिले महायुद्ध ऐन भरात होते. त्यांचे सामान दुसऱ्या जहाजाने येत होते. ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले आणि लंडनमध्ये जमविलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. विम्याची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये मिळाले. बडोद्यास नोकरीवर रुजू होण्याचा खर्च याच रकमेतून भागला. ज्यांच्या शोधात वर्षे गेली, ती पुस्तके अशा रीतीने प्रवासखर्चाच्या कामी आली.

बडोद्यात काय वाढून ठेवले होते, हे सर्वश्रुत आहे. परदेशी विद्यापीठाच्या पदव्या घेतलेल्या या अधिकाऱ्याच्या टेबलावर कार्यालयातील शिपाई कागद दुरूनच टाकीत. राहावयास जागा मिळेना. पारशी निवासातूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. साताऱ्यातील वहीचा विटाळ बडोद्यात सरकारी कागदांपर्यंत पोचला होता. याच काळातील एक विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही. कातडे कमावणारा माणूस समाजाच्या लेखी अस्पृश्य होता. मात्र तेच कातडे ग्रंथाच्या बांधणीला चढले, की तो ग्रंथ श्रीमंतांच्या दिवाणखान्यात मानाची जागा पटकावीत होता.

कोल्हापूरचे शाहू महाराज यांचे साह्य, मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज आणि स्वतःची शिल्लक यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत शिरायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे, हा त्यांचा दिनक्रम होता. जेवणाचा खर्च वाचावा म्हणून अनेकदा ते अर्धपोटी राहत. पुस्तके विकत घेणे मात्र थांबले नाही.

राजगृह

मुंबईत वकिलीत जम बसल्यानंतर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी बांधलेले राजगृह हे घर मुळात पुस्तकांसाठी होते. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी उभ्या राहिलेल्या या वास्तूला प्राचीन मगधाच्या राजधानीचे नाव देण्यात आले. घरातील माणसांच्या सोयीआधी ग्रंथांच्या सोयीचा विचार झाला. याच सुमारास बांधलेली चार मिनार ही दुसरी इमारत पुढे विकावी लागली. राजगृह मात्र त्यांनी हातचे जाऊ दिले नाही.

कायदा, अर्थशास्त्र, इतिहास, धर्म, मानववंशशास्त्र अशा नाना विषयांवरील हजारो ग्रंथ तेथे गोळा झाले. पंडित मदनमोहन मालवीय यांनी बनारस हिंदू विद्यापीठासाठी हा संग्रह मोठ्या रकमेस मागितला होता आणि बाबासाहेबांनी नम्रपणे नकार दिला, अशी आठवण सांगितली जाते. पुस्तक उसने देणे त्यांना रुचत नसे. हवे तर येथे बसून वाचावे, असा त्यांचा खाक्या होता, असे निकटवर्तीयांनी नोंदविले आहे. संग्रह करणाऱ्याची सारी असोशी त्यांच्यापाशी होती. ती समजण्यासारखीही आहे. दोन वेळा संग्रह गमावलेला हा माणूस होता.

ग्रंथावरील या प्रेमाला आंधळी भक्ती मात्र चिकटली नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. पुस्तकांवर जीव टाकणाऱ्या माणसाने ग्रंथ जाळावा, याचे त्या वेळी अनेकांना नवल वाटले. पण ज्या ग्रंथाच्या आधारे माणसाला विद्येपासून दूर ठेवले गेले, त्याचा अधिकार नाकारण्याची ती जाहीर कृती होती. त्याच स्मृतीचा बारकाईने अभ्यास करून त्यांनी पुढे आपल्या ग्रंथांत तिची चिकित्साही केली.

दौलताबादचा हौद

मराठवाड्याशी त्यांचा आलेला एक प्रसंग येथे आवर्जून नोंदविला पाहिजे. १९३४ मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. प्रवासाने सारे धुळीने माखले होते. प्रवेशद्वाराजवळील पाण्याच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. थोड्याच वेळात हौद बाटविल्याचा आरोप करीत जमाव गोळा झाला आणि प्रसंग हातघाईवर येण्याची चिन्हे दिसू लागली. अखेर गडावर कोठेही पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि पहाऱ्याला शस्त्रधारी शिपाई सोबत देण्यात आला. हिंदूंच्या लेखी अस्पृश्य असलेला माणूस मुसलमानांच्या लेखीही अस्पृश्यच असतो, हे या प्रसंगावरून दिसते, असे त्यांनी पुढे आत्मकथनपर टिपणात लिहून ठेवले.

या प्रसंगानंतर १६ वर्षांनी याच दौलताबादपासून काही मैलांवर त्यांनी ज्ञानाची पाणपोई सुरू केली.

नागसेनवन

मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला, पण शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्याच होत्या. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे आणि गावकुसाबाहेरील मुलांना तर ती वाट जवळजवळ बंदच होती. ८ जुलै १९४५ रोजी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत बाबासाहेबांनी २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले होते. पुढचे महाविद्यालय त्यांनी औरंगाबादला काढले. १९ जून १९५० रोजी तेथे वर्ग सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्याकडे धुरा सोपविण्यात आली.

महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव देण्यात आले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. मिलिंद हा ग्रीक राजा प्रश्न विचारणारा, तर भिक्खू नागसेन उत्तरे देणारा. दोघांच्या संवादाचा मिलिंदपञ्ह हा पाली ग्रंथ प्रसिद्ध आहे. शाळेत ज्याला प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती, त्याने आपल्या महाविद्यालयाला प्रश्नकर्त्याचे नाव द्यावे, हे अर्थपूर्ण होते.

या महाविद्यालयातून मराठवाड्यातील दलित मुलांची पहिली शिक्षित पिढी घडली. दलित साहित्याच्या चळवळीलाही येथेच बळ मिळाले. इतर समाजांतील गरीब मुलेही येथे शिकली. राजगृहातून पुस्तक बाहेर जाऊ न देणाऱ्या बाबासाहेबांनी एका सबंध मागास प्रदेशाला ग्रंथांचे दार उघडून दिले. त्यांच्या संग्रहातील ग्रंथांचा मोठा वाटा मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेला.

सचित्र राज्यघटना

मिलिंदचे वर्ग सुरू होण्याच्या पाचच महिने आधी, २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रतींवर सह्या केल्या. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर त्यांत होते. या प्रती म्हणजे ग्रंथनिर्मितीचा अपूर्व नमुना होय. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी, तर हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी सुलेखनात उतरविली. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस आणि त्यांचे विद्यार्थी यांनी पाने चित्रांनी सजविली. त्या चित्रांत भगवान बुद्धांचेही दर्शन घडते. कातडी बांधणीतील या प्रती संसदेच्या ग्रंथालयात खास पेट्यांमध्ये जतन केल्या आहेत.

चित्रे असलेले, उत्तम बांधणीचे पुस्तक ज्याच्या बालपणी घरात येऊ शकले नाही, त्याचे नाव देशातील सर्वांत मौल्यवान सचित्र ग्रंथाशी कायमचे जोडले गेले.

शेवटची रात्र

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. केळुसकर गुरुजींच्या पुस्तकातून निघालेली वाट सुमारे अर्ध्या शतकाने मुक्कामाला पोचली. त्याआधीची काही वर्षे ते बुद्धावरील स्वतःच्या ग्रंथात गढून गेले होते. मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी अधू झाली होती. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीतील अलीपूर रोडवरील निवासस्थानी त्यांनी याच ग्रंथाच्या प्रस्तावनेची टंकलिखित पाने मागवून घेतली. ६ डिसेंबर रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पुढील वर्षी, १९५७ मध्ये तो ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. मुलाच्या हाती पडलेल्या पुस्तकाला त्याने लिहून दिलेले ते उत्तरच होते.

औरंगाबादला १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव मिळण्यासाठी प्रदीर्घ आणि रक्तरंजित संघर्ष झाला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. तेव्हापासून दरवर्षी या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी हजारोंची गर्दी लोटते आणि रस्त्याच्या कडेला पुस्तकांची दुकाने लागतात. तेथे मिळणारी पुस्तके कातडी बांधणीची नसतात. साधा कागद, पातळ मुखपृष्ठ, खिशाला परवडणारी किंमत. खेड्यापाड्यांतून आलेले आईबाप मुलाचा हात धरून त्या दुकानांपुढे थांबतात आणि एखादे चित्रमय बालचरित्र विकत घेऊन त्याच्या हाती देतात. त्यासाठी आता कोणाला लेकीचा दागिना गहाण ठेवावा लागत नाही.