बेंजामिन फ्रँकलिन यांची छोटी वही

१ जानेवारीला आपण दहा संकल्प एकदम करतो आणि संक्रांतीपर्यंत विसरूनही जातो. बेंजामिन फ्रँकलिन यांचंही सुरुवातीला असंच व्हायचं.

१७०६ साली बोस्टनमध्ये मेणबत्त्या आणि साबण बनवणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. शाळा जेमतेम दोन वर्षं. सतराव्या वर्षी घर सोडून ते फिलाडेल्फियाला गेले आणि छापखान्यात राबले. पंचविशीच्या सुमारास त्यांनी सगळे दोष एकदम घालवायचं ठरवलं. पण एक दोष सांभाळावा तर दुसरा डोकं वर काढी! मग त्यांनी १३ गुण निवडले आणि एका आठवड्याला एकच गुण घेतला. पहिला मिताहार, दुसरा कमी बोलणं (बडबड आणि कोट्या करायची त्यांना भारी सवय!). वहीत प्रत्येक गुणाला एक पान, पानावर सात वारांचे सात रकाने. रोज रात्री चुकलेल्या ठिकाणी काळा ठिपका. १३ आठवड्यांची एक फेरी, वर्षात अशा चार. त्या आठवड्याच्या गुणाची ओळ कोरी राहिली तरी पुष्कळ, बाकीच्या गुणांचं जसं जमेल तसं.

जुने ठिपके खरवडून खरवडून वहीला भोकं पडली. तेव्हा त्यांनी हस्तिदंती पानांची वही केली. पेन्सिलीच्या खुणा ओल्या स्पंजने पुसायच्या, की पुन्हा सुरू.

टापटीप मात्र त्यांना कधीच जमली नाही. कागद, वस्तू जागच्या जागी ठेवण्याच्या पानावर सतत ठिपके. वयाच्या ७९ व्या वर्षी आत्मचरित्र लिहिताना त्यांनी हे मोकळेपणाने सांगून टाकलंय.