गुरूंचे गुरू : कै. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या दिवंगत थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही मालवणच्या डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचे नाव सुचविले. हे नाव ज्ञातीतील पुष्कळांच्या कानावरून गेलेले आहे. पण ते कोण, असे विचारता मोठे प्रोफेसर होते, एवढ्यावर उत्तर संपते. प्रोफेसर पुष्कळ होऊन गेले. घुर्ये यांची थोरवी निराळी आहे. त्यांनी नुसते विद्यार्थी शिकविले नाहीत, तर शिक्षक घडविले. आणि त्यांना ज्याने घडविले, तो गुरूही असामान्य होता. जन्मभर खडू हाती धरलेल्या आमच्यासारख्यास या गुरुपरंपरेचे विशेष अगत्य वाटल्यास नवल नाही.

घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवण येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. बाळपणीचे शिक्षण मालवणास, पुढचे काही गिरगावात आणि नंतर काठेवाडातील जुनागढ येथे झाले. त्या काळी आपल्या किनाऱ्यावरील मुलास शिकायचे म्हणजे बोटीने मुंबई गाठणे आणि कोणा नातलगाच्या आश्रयाने राहणे, हे ठरलेलेच असे. जुनागढला त्यांचे वडीलबंधू होते, म्हणून ते तिकडे गेले. तेथून ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आले. संस्कृत हा त्यांचा आवडीचा विषय. १९१८ साली ते एम. ए. झाले व चॅन्सेलरचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. एवढ्यावरच ते थांबते, तर एक उत्तम संस्कृत प्राध्यापक म्हणून त्यांची कारकीर्द सुखासमाधानात गेली असती.

परंतु १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्राचा विभाग उघडला आणि स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस त्याचे प्रमुख झाले. त्यांच्या शिफारशीने विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळून घुर्ये १९२० मध्ये विलायतेस गेले. प्रथम लंडनला हॉबहाउस या विद्वानाकडे त्यांनी नाव घातले. पण तेथे त्यांचे मन रमले नाही. म्हणून ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. त्यांच्या आयुष्याची दिशा येथे ठरली, असे आमचे मत आहे.

हे रिव्हर्स मूळचे डॉक्टर. केंब्रिजमध्ये मानसशास्त्राचे अध्यापन रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या टॉरस सामुद्रधुनीतील बेटांवर जी संशोधक मंडळी गेली, तीत ते होते, आणि त्यांचे दोन शिष्य मायर्स व मॅक्डुगल हेही होते. पुढे निलगिरीवर राहून त्यांनी तोडा लोकांवर १९०६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ लिहिला. पहिले महायुद्ध पेटल्यावर तोफांच्या भडिमाराने ज्यांची मने ढासळली, असे हजारो सैनिक विलायतेस परत येऊ लागले. कोणास वाचा फुटेना, कोणाचे हात थरथरत, कोणी रात्री किंचाळून उठे. काही डॉक्टर त्यांना विजेचे झटके देत, तर काही त्यांना भित्रे ठरवीत. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट या लष्करी रुग्णालयात १९१६-१७ मध्ये रिव्हर्स यांनी निराळा मार्ग धरला. जे भीषण पाहिले ते दडपून ठेवू नये, विश्वासाच्या माणसापाशी ते बोलावे, आणि त्याकडे सोसवेल अशा रीतीने पाहण्यास शिकावे, ही त्यांची चिकित्सा. ज्याला आज मानसोपचार म्हणतात, त्याच्या इंग्लंडातील आरंभीच्या आचार्यांत त्यांची गणना होते. त्यांचे शिष्य मायर्स यांनीही युद्धात अशाच रुग्णांची सेवा केली.

आपल्या कोकणातील वाचकांना रिव्हर्स यांची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे कोणाचे मन बिघडले, की अजूनही प्रथम गाऱ्हाणे घातले जाते, देवस्की केली जाते, आणि डॉक्टराचे दार मागाहून दिसते. शिकलेली माणसे याला अडाणीपणा म्हणून मोकळी होतात. दक्षिण समुद्रातील बेटांवर रिव्हर्स यांनी असेच मंत्रतंत्र पाहिले. पण ते हसले नाहीत. रोगाचे कारण त्या लोकांनी जे मानले आहे, त्याला धरून त्यांचा उपचार सुसंगतच असतो, असे त्यांनी दाखविले. त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये निघालेला त्यांचा ग्रंथ याच विषयावर आहे. माणसाची समजूत आधी समजून घ्यावी आणि मग तिच्यावर मत द्यावे, ही शिस्त त्यांच्या रुग्णालयात होती, तशीच त्यांच्या संशोधनातही होती.

अशा गुरूपाशी आपला मालवणचा विद्यार्थी बसला. दुर्दैवाने हा सहवास दीर्घकाळ लाभला नाही. जून १९२२ मध्ये रिव्हर्स यांचे अकस्मात निधन झाले. घुर्ये यांनी हॅडन यांच्या देखरेखीखाली प्रबंध पुरा केला व केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन ते स्वदेशी परतले. १९२४ साली ते मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख झाले, १९३४ मध्ये प्राध्यापक, आणि १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत तो विभाग त्यांनी एकहाती वाढविला.

त्यांच्या शिष्यांची नावे पाहिली म्हणजे मन थक्क होते. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंध त्यांच्याच मार्गदर्शनाखाली लिहिला. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी स्वतः शिष्यवर्ग तयार केला. म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास त्यांच्याकडे शिकले, मग ऑक्सफर्डला गेले, आणि बडोदे व दिल्ली येथे त्यांनी समाजशास्त्राची घडी बसविली. के. एम. कापडिया, आय. पी. देसाई, ए. आर. देसाई हे सारे याच विभागातले. ऐंशीच्या आसपास प्रबंध त्यांच्या हाताखालून गेले. देशातील अनेक विद्यापीठांत हा विषय ज्यांनी प्रथम शिकविला, त्यांतील पुष्कळांचा गुरू एकच होता.

शिष्यांशी त्यांचे वागणे मात्र मृदू नव्हते. विषय ते स्वतः नेमून देत आणि कामात कुचराई खपवून घेत नसत. ते स्वतः बहुतेक ग्रंथालयात बसून लिहीत, विद्यार्थ्यांना मात्र गावोगाव धाडीत. श्रीनिवास यांच्याशी त्यांचे पुढे मतभेद झाले, ए. आर. देसाई तर मार्क्सवादी निघाले. तरीही देसाईंचा राष्ट्रवादावरील प्रबंध, जो १९४८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तो याच गुरूच्या विभागात पुरा झाला. आपल्या मताविरुद्ध जाणारा शिष्य वाढू देणे किती शिक्षकांना जमते, हे आम्ही शिक्षकांनी मनाशी विचारावे.

मुंबईत दुसरीही एक शाळा याच काळात उभी राहत होती. १९३६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन गृहस्थांच्या पुढाकाराने नागपाड्यास सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले, आणि १९३७ मध्ये त्याला जोडून बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. बिघडलेले मूल, खचलेला रुग्ण आणि त्याचे घर यांना हात देणारे कार्यकर्ते तेथे शिकून तयार होऊ लागले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. एका ठिकाणी एकेका माणसाचे दुःख हलके करण्याचे शिक्षण, तर दुसऱ्या ठिकाणी ज्या घरातून, ज्ञातीतून, गावातून ते दुःख येते त्याचा अभ्यास. रिव्हर्स यांच्या एका देहात या दोन्ही विद्या नांदत होत्या; मुंबईत त्यांच्या दोन शाळा झाल्या. गिरणगावात राहणाऱ्या आपल्या चाकरमान्यांच्या कुटुंबांना दोहोंचीही गरज होती.

घुर्ये यांची सर्वच मते आम्हास मान्य नाहीत. १९४३ च्या ग्रंथात त्यांनी आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटले. आमच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. रामायणाच्या कथा ते सांगतात हे खरे, पण चित्र त्यांचे, सूर त्यांचा, सांगण्याची ढबही त्यांचीच. पिंगुळीत राहणाऱ्याला मागासलेले हा शब्द तेथे चिकटविणे जड जाते.

आता जी गोष्ट या स्मरणिकेत सांगणे थोडे अवघड, तीही सांगितली पाहिजे. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या त्यांच्या कीर्तिमान ग्रंथात ज्ञातिसभांविषयी जे मत आहे, ते आपणास सुखावणारे नाही. इंग्रजी अमदानीत निघालेल्या अशा सभांनी जातीची एकी घट्ट केली, जातीचा अभिमान वाढविला आणि जातीजातींतली चुरस पेटविली, असे त्यांचे निदान. पोटजाती एकत्र करून मोठी जात बनवावी, हा मार्गही त्यांना मान्य नव्हता. कारण लहान भिंती पाडून मोठी भिंत उभारली, तर ती पाडणे अधिक कठीण. त्यांचा भर मिश्रविवाहांवर आणि जातीची दखलच न घेण्यावर होता.

आपले मंडळ विद्यार्थ्यांना वह्यापुस्तके देते, अडल्यानडल्यास औषधपाण्याला मदत करते, आणि वधूवरसूचक यादीही ठेवते. पहिल्या दोन कामांवर घुर्ये यांनी फारसा आक्षेप घेतला नसता असे आम्हास वाटते. तिसऱ्यावर मात्र घेतलाच असता. त्यांचा फोटो सभागृहात लावण्याची सूचना गेल्या बैठकीत आली होती. फोटो अवश्य लावावा. पण मंडळाच्या कपाटात तो ग्रंथही ठेवावा, आणि विवाहाच्या यादीवर चर्चा निघेल त्या दिवशी त्यातले ते प्रकरण कोणीतरी वाचून आलेले असावे, अशी आमची सूचना आहे.

निवृत्तीनंतर विद्यापीठाने त्यांना सन्मान्य प्राध्यापकपद दिले. भारतीय समाजशास्त्र परिषद १९५१ मध्ये स्थापन झाली, तिचे ते संस्थापक आणि १९६६ पर्यंत अध्यक्ष होते. साधू, नगरे, भरतनाट्याची वेशभूषा अशा नाना विषयांवर त्यांची लेखणी चालली. जातीवरील ग्रंथाच्या आवृत्त्या वाढत गेल्या, दरम्यान त्याचे नावही बदलले, आणि १९६९ मध्ये तो पुन्हा मूळ नावाने निघाला. २८ डिसेंबर १९८३ रोजी, नव्वद वर्षे पूर्ण करून, मालवणचा हा पुत्र निवर्तला.