रेव्हरंड गॉर्डन हॉल : परक्या शहरांतील एक विश्वासू प्रवासी

सोलापुरास रात्रीं आगगाडींत बसलें म्हणजे सकाळीं मुंबईस उतरतां येतें. वाटेंत गाडी खोळंबली, तिकीट हरवलें, किंवा स्टेशनावर न्यावयास येणारा आप्त आला नाहीं, तर तेवढ्यानेंच आपला जीव कासावीस होतो. परक्या शहरांत ओळखीचें माणूस नाहीं, तेथील भाषा येत नाहीं, पुढें काय होणार हें ठाऊक नाहीं, अशा वेळींच मनुष्याच्या विश्वासाची खरी पारख होते. शाळा सोडल्यावर आमचे विद्यार्थी शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं दूरदूरच्या शहरीं जातात. त्यांच्या व त्यांच्या आईबापांच्या उपयोगीं पडावें म्हणून आम्ही येथें अशा एका प्रवाशाचें चरित्र थोडक्यांत देत आहों, कीं ज्यांस ईश्वराच्या सेवेसाठीं एका शहरांत राहावयाचें होतें, आणि तेथून त्यांस घालवून देण्याचे हुकूम एकामागून एक सुटत होते. हे गृहस्थ म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचे एक संस्थापक रेव्हरंड गॉर्डन हॉल.

हॉलसाहेबांचा जन्म ८ एप्रिल १७८४ रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत झाला. १८०८ सालीं ते विल्यम्स कॉलेजांतून पदवीधर झाले. याच कॉलेजांतील पांच विद्यार्थ्यांनीं १८०६ सालीं वादळांत सांपडले असतां गवताच्या गंजीच्या आडोशास बसून, परदेशीं सुवार्ता नेण्याविषयीं प्रार्थना केली होती. त्या पांचांचे पुढारी सॅम्युएल मिल्स यांच्या सहवासाचा हॉल यांच्या मनावर खोल परिणाम झाला. पुढें त्यांनीं अँडोव्हर येथें ईश्वरविद्येचा अभ्यास केला. वुडबरी गांवच्या मंडळीनें त्यांस पाळक होण्याविषयीं विनंती केली होती. स्वदेशांतच मानाची जागा, हक्काचें घर व नियमित वेतन मिळत होतें. परंतु आपलें काम समुद्रापलीकडे आहे अशी खात्री झाल्यामुळें त्यांनीं ती विनंती नम्रपणें नाकारली. निघण्यापूर्वीं फिलाडेल्फिया येथें त्यांनीं थोडी वैद्यकीही शिकून घेतली. ती विद्या शेवटीं कोणाच्या उपयोगीं पडली, हें वाचकांस पुढें दिसून येईल.

६ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलम शहरांत हॉल, सॅम्युएल नॉट, अडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल व ल्यूथर राइस या पांच तरुणांस दीक्षा देण्यांत आली. अमेरिकेच्या मंडळ्यांनीं समुद्रापार पाठविलेले हे पहिलेच मिशनरी. त्या महिन्यांतच ते दोन जहाजांनीं निघाले. त्या काळीं सुएझचा कालवा नव्हता, आगबोटीही या मार्गानें येत नसत. हॉल, राइस व नॉट पतिपत्नी ज्या शिडाच्या जहाजांत होते त्यास कलकत्त्यास पोहोंचावयास ऑगस्ट महिना उजाडला.

इतक्या लांबून आल्यावर किनाऱ्यावर त्यांचें स्वागत झालें तें हद्दपारीच्या हुकुमानें. ईस्ट इंडिया कंपनीच्या परवान्यावांचून कोणाही पाद्र्यास तिच्या मुलखांत राहण्याची मोकळीक नव्हती, आणि कंपनी सरकारास मिशनरी नको होते. त्यांतच त्या वर्षाच्या जून महिन्यांत अमेरिका व इंग्लंड यांच्यामध्यें युद्ध जुंपलें होतें. म्हणजे हे तरुण केवळ परके राहिले नाहींत, तर शत्रूच्या देशचे ठरले. सोबतीही एकेक करून पांगले. जडसन व राइस यांनीं बाप्तिस्म्याविषयींचें आपलें मत बदलून दुसरा पंथ स्वीकारला. न्यूएल आपल्या पत्नीसह मॉरिशस बेटाकडे निघून गेले, आणि तेथें त्यांची पत्नी हॅरिएट ही अवघ्या एकोणीस वर्षांच्या वयांत मरण पावली. राहिले हॉल, नॉट व नॉटबाई. इंग्लंडास निघणाऱ्या तांड्यांतून यांस रवाना करावें असा हुकूम झाला, आणि त्या जहाजांच्या उतारूंच्या यादींत त्यांचीं नांवेंही छापून आलीं. परंतु त्यांनीं तत्पूर्वींच मुंबईस जाण्याचे परवाने मिळविले होते. नोव्हेंबर १८१२ च्या अखेरीस ते मुंबईच्या जहाजांत बसले, आणि सुमारें अडीच महिन्यांनीं, ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं, मुंबईस येऊन उतरले.

मुंबईस तरी विसांवा मिळावा! परंतु त्यांच्या आधींच त्यांच्याविषयींचा प्रतिकूल मजकूर कलकत्त्याहून तेथें येऊन पोहोंचला होता. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन हे धर्मशील व दयाळू गृहस्थ होते. त्यांच्या मनांत या तरुणांविषयीं सहानुभूति होती. पण गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो यांचा हुकूम होता कीं त्यांस इंग्लंडास पाठवून द्यावें. मग अर्जावर अर्ज, उत्तरावर उत्तर असे महिने लोटूं लागले. आज राहतां येईल असें वाटावें, आणि उद्यां जहाजाची तारीख कळावी!

विद्यार्थी मित्रहो, या अवधींत हॉलसाहेबांनीं काय केलें हें लक्षांत घेण्याजोगें आहे. ज्या मनुष्यास पुढच्या महिन्यांत आपण या देशांत असूं कीं नाहीं याची खात्री नाहीं, तो या देशाची भाषा शिकण्याचे श्रम कशास घेईल? परंतु हॉल व नॉट यांनीं पंडित ठेवून मराठीचा अभ्यास सुरू केला. बाराखडी गिरवीत असतांना हद्दपारीची तलवार डोक्यावर टांगलेली होती. ईश्वरावर भरंवसा ठेवणें म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणें नव्हे. जें काम आज हातीं आहे तें उद्यांच्या भीतीनें न टाकणें हाच तो भरंवसा, असें आम्हांस या अभ्यासावरून दिसतें.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत, इंग्लंडास रवाना होण्याची वेळ अगदीं जवळ येऊन ठेपली तेव्हां, दोघेही गुप्तपणें एका किनाऱ्यानें जाणाऱ्या गलबतांतून कोचीनकडे निघाले. तेथून सिलोनास जाऊन न्यूएल यांस मिळावें असा त्यांचा बेत होता. नॉटबाई तान्ह्या मुलासह मुंबईंतच राहिल्या. परंतु कोचीन येथें त्यांस अडविण्यांत आलें व मुंबईस परत आणण्यांत आलें. गव्हर्नरसाहेबांनीं त्यांच्याशीं भलेपणानें वागत असतां त्यांनीं न सांगतां निघून जावें, याचें गव्हर्नरांस फार वाईट वाटलें. सरकारच्या हुकुमापेक्षां ईश्वराची आज्ञा श्रेष्ठ, असें या दोघांचें म्हणणें होतें. तें म्हणणें खरें असलें तरी, ज्यानें आपणांस ममतेनें वागविलें त्याच्या विश्वासास धक्का लावून जाणें योग्य होतें काय, हा प्रश्न उरतोच. भक्तिमान मनुष्याचेंही प्रत्येक पाऊल बिनचूक पडतें असें नाहीं. चरित्रें लिहितांना अशा गोष्टी झांकून ठेवण्याची चाल आम्हांस पसंत नाहीं. कारण ज्यांची वाट कधीं चुकलीच नाहीं अशांच्या कथेपासून आपणां वाट चुकणारांस काय लाभ होणार?

डिसेंबर १८१३ मध्यें त्यांस जहाजावर चढविण्याचा दिवस नक्की झाला. सामान बांधून तयार राहण्याचा निरोप आला. पळून जाण्याचा मार्ग आतां नव्हता, आणि हॉलसाहेबांनीं तो शोधलाही नाहीं. त्यांनीं गव्हर्नरांस उघडपणें एक पत्र लिहिलें. त्यांत क्रोध नव्हता, कीं काकुळतही नव्हती. आम्ही कोणाचें वाईट करण्यास आलों नाहीं, ख्रिस्ताच्या आज्ञेवरून आलों आहों. आम्हांस घालवून देण्याचें सामर्थ्य आपल्या हातीं आहे खरें, परंतु ज्याच्या न्यायासनापुढें आपणां सर्वांस उभें राहावयाचें आहे त्याच्या दृष्टीनें हें कृत्य कसें दिसेल याचा विचार व्हावा, अशा आशयाचें तें पत्र होतें. त्या पत्राचा गव्हर्नरांच्या मनावर परिणाम झाला. अगदीं शेवटच्या घटकेस त्यांची रवानगी तहकूब झाली. इकडे त्याच वर्षीं विलायतेच्या पार्लमेंटानें कंपनीस नवी सनद देतांना मिशनऱ्यांस हिंदुस्थानांत येण्याची वाट मोकळी केली होती. पुढें वरिष्ठ अधिकाऱ्यांकडूनही राहण्याची परवानगी मिळाली, आणि जवळजवळ दोन वर्षांच्या भटकंतीनंतर हॉलसाहेबांच्या पायांखालीं भूमि स्थिर झाली. १८१४ सालीं न्यूएलही येऊन मिळाले.

यानंतरचें त्यांचें आयुष्य मुंबईच्या गल्ल्यांत व कोंकण-देशांतील वाटांवर गेलें. नॉट पतिपत्नींस प्रकृतीच्या कारणानें १८१५ सालीं परत जावें लागलें. त्याच वर्षीं मिशनच्या मराठी शाळेचा आरंभ झाला. १८१६ सालीं हॉलसाहेबांचा मार्गरेट लुइस यांच्याशीं विवाह झाला. १८१७ मध्यें मिशनच्या छापखान्यांतून मराठी छपाई होऊं लागली. याच छापखान्यांत पुढें टॉमस ग्रॅहम यांनीं सुबक मराठी ठसे तयार केले, आणि निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी हे लहानपणीं तेथेंच काम शिकले. १८२४ सालीं मिशननें मुंबईंत मुलींसाठीं शाळा उघडली. ज्या काळीं मुलीस अक्षर शिकविणें म्हणजे अनर्थ मानीत, त्या काळची ही गोष्ट आहे. या सर्व कामांचें दृश्य फळ मात्र हॉलसाहेबांस फारच थोडें दिसलें. न्यूएल १८२१ सालीं पटकीनें वारले. १८२५ सालीं मुलांच्या प्रकृतीसाठीं हॉलबाई दोन मुलांस घेऊन अमेरिकेस निघाल्या. त्यांपैकीं एक मुलगा वाटेंतच समुद्रावर मरण पावला. हॉलसाहेब कामासाठीं मागें एकटेच राहिले.

मार्च १८२६ मध्यें ते उपदेश करण्यासाठीं व पुस्तकें वांटण्यासाठीं नाशिकास गेले. तेथें पटकीनें कहर केला होता. बरोबर आणलेलीं औषधें त्यांनीं रोग्यांस वांटून टाकलीं, आणि जवळ फारसें कांहीं उरलें नाहीं तेव्हां ते मुंबईकडे परत निघाले. वाटेंत एका खेड्यांत देवळाच्या ओसरीवर त्यांनीं मुक्काम केला. २० मार्च रोजीं पहांटे पुढें निघण्याच्या तयारींत असतांनाच त्यांस त्याच रोगानें गांठलें. फिलाडेल्फियास शिकलेली वैद्यकी परक्यांच्या कामीं आली. स्वतःसाठीं औषध राहिलें नव्हतें. कांहीं तासांतच, शांत मनानें ईश्वराची स्तुति करीत, त्यांनीं प्राण सोडला. त्या वेळीं त्यांचें वय एकेचाळीस वर्षांचें होतें. सोबतच्या दोन ख्रिस्ती तरुणांनीं खळगा खणून, पेटीवांचूनच, त्यांस मूठमाती दिली. त्यांनीं ज्याच्यासाठीं श्रम केले तो मराठी नवा करार त्याच वर्षीं छापून पूर्ण झाला.

आतां एखादा चाणाक्ष विद्यार्थी आम्हांस विचारील, कीं ज्या ईश्वरानें मुंबईच्या धक्क्यावर त्यांस शेवटच्या घटकेस सोडविलें, त्यानें नाशिकच्या वाटेवर कां सोडविलें नाहीं? प्रश्न खरा आहे, आणि त्यास उडवून लावणें बरें नव्हे. आमचें उत्तर इतकेंच, कीं आपलें जहाज चुकणार नाहीं किंवा आपणांस रोग होणार नाहीं, अशा करारावर हॉलसाहेब घरून निघाले नव्हते. अब्राहाम कोठें जावयाचें हें न कळतां निघाला. पौलाचें तारूं फुटलें. ईश्वर वाटेंतील प्रत्येक विघ्न दूर करतो असें नाहीं. पण विघ्नांतही तो आपल्या माणसास टाकीत नाहीं, हाच त्यांचा विश्वास होता. मुंबईस सुटका झाली तेव्हां तो जसा होता, तसाच तो त्या ओसरीवरही राहिला.

त्यांनीं रोंविलेलें रोप मागाहून वाढलें. मिशनचें काम १८३१ सालीं अहमदनगरास पोहोंचलें, आणि १८६० नंतरच्या दशकांत आपल्या सोलापुरास आलें. येथें मिशनच्या शाळांतून कित्येक पिढ्या मराठी वाचावयास शिकल्या, त्यामागें हद्दपारीच्या छायेखालीं गिरविलेली ती बाराखडी आहे.

म्हणून, बालमित्रांनो, उद्यां तुम्ही एखाद्या मोठ्या शहरीं एकटे उतराल आणि ठरविलेलें सर्व कांहीं फसेल, तेव्हां घाबरून जाऊं नका. आधीं प्रार्थना करा. मग जें करणें शक्य असेल तें सचोटीनें व उघडपणें करा. आणि वाट पाहावी लागली तर तो वेळ एखादी नवी विद्या शिकण्यांत घालवा. आणि वडीलहो, मुलगा वा मुलगी दूरदेशीं निघतांना शिदोरीबरोबर हा भरंवसाही बांधून द्या. तो घरीं रोजच्या प्रार्थनेंत मिळाला असला, तरच परक्या गांवीं पुरतो.