शाहूंचे चरित्र आणि इतिहास सांगण्याचा हक्क

राजर्षी शाहू महाराजांना आपण आरक्षणाचे जनक म्हणून अभिवादन करतो. ते रास्तच आहे. परंतु नोकरीतील वाट्याच्या मुळाशी त्यांनी आणखी एक हक्क रुजवला. तो म्हणजे ज्ञान मिळवण्याचा आणि त्या बळावर स्वतःचा इतिहास स्वतः सांगण्याचा हक्क. हे ध्यानात घेतल्याशिवाय शाहू समजणार नाहीत.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक जाऊन करवीरचे छत्रपती झाले. राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण घेऊन २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. त्या वेळी दरबारातील मोक्याच्या जागा बहुतांशी एकाच जातीकडे होत्या. पोथीही तिच्याकडेच होती.

१८९९ साली पंचगंगेच्या घाटावर वेदोक्त प्रकरण घडले. पुरोहित महाराजांसाठी वेदोक्त नव्हे, तर पुराणोक्त मंत्र म्हणत होता. जिथे खुद्द छत्रपती शूद्र ठरतो, तिथे गावकुसाबाहेरच्या माणसाची काय कथा! कोणता ग्रंथ कोणी ऐकायचा हे एकच जात ठरवत होती. महाराजांनी राजोपाध्यांची वतने जप्त केली. पण खरे उत्तर त्यांनी शाळेतून दिले.

खेड्यातला बहुजन मुलगा शहरात आला तर त्याला राहायला खोली आणि जेवायला अन्न मिळत नसे. म्हणून १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी ही साखळी वाढत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या गेल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले.

जातवार वसतिगृहांनी जात पक्की होईल, असा आक्षेप घेता येतो. पण वसतिगृह ही पहिली पायरी होती. १९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. वर्ग एक झाल्याशिवाय समाज एक होत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या बाबासाहेबांच्या मूकनायक पत्राला त्यांनी आर्थिक मदत केली. मार्चमध्ये माणगाव परिषदेत बाबासाहेबांना बहिष्कृतांचे पुढारी म्हणून जाहीरपणे गौरवले. मुक्यांच्या हाती स्वतःचे पत्र आले, त्याला एका राजाने बळ दिले. ६ मे १९२२ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईत महाराजांचे निधन झाले.

त्यांचे चरित्र मात्र एकट्या लेखणीने घडलेले नाही. अण्णासाहेब लठ्ठे यांनी ते लिहिले, भाई माधवराव बागल यांनी आठवणी जपल्या, धनंजय कीर यांनी ते इंग्रजी वाचकांपर्यंत नेले. डॉ. जयसिंगराव पवार यांनी स्मारक ग्रंथासाठी अनेक अभ्यासकांना एकत्र आणले. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज चहा प्यायले, ही आठवण तर वस्त्यावस्त्यांतून आजही सांगितली जाते. अस्पृश्याच्या हातचा एक कप चहा हा राजाच्या जाहीरनाम्याइतकाच मोठा दस्तऐवज आहे.

१९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि बहुजनांच्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार जवळ आले. तरीही देशभरच्या विद्यापीठांपुढे एक प्रश्न उभा आहे. संशोधक वस्तीत येतो, वृद्धांच्या आठवणी टिपतो, प्रबंध लिहितो, पदवी घेतो. सांगणारी आजी मात्र तळटीपेतही नसते. ज्याने जगले तो माहिती देणारा, ज्याने लिहिले तो विद्वान, ही विभागणी म्हणजे पुराणोक्ताचाच नवा अवतार नव्हे काय?

उपाय आपल्याच हाती आहे. संशोधनाचा प्रश्न ठरवतानाच वस्तीला विचारले पाहिजे. लिहिलेले तिथे वाचून दाखवले पाहिजे. सांगणाऱ्याची संमती असेल तर त्याचे नाव ग्रंथावर आले पाहिजे. आणि आपल्या मुलामुलींनी इंजिनिअरिंगबरोबर इतिहास, मराठी, समाजशास्त्र या विभागांतही हक्काने शिरले पाहिजे. त्या खुर्च्या आपण रिकाम्या ठेवल्या, तर आपले शाहू पुन्हा दुसरेच कोणी सांगतील आणि त्यातून गंगाराम कांबळे वगळले जातील.